नाशकात मधमाश्यांवर माहितीपट करायचाय: कुठल्या महिन्यात, किती अंतरावरून, आणि काय टाळायचं?

गोदाकाठ

मंडळी, मधमाश्या आणि त्या वाचवणारी माणसं यांवर २५ मिनिटांचा मराठी माहितीपट करायचा आहे. डोक्यात तीन धागे आहेत. शहरातल्या सोसायट्यांमधलं आग्यामोहोळ न मारता हाताळणारे लोक, निफाड-चांदवडकडचे कांदा डेंगळ्याच्या (बियाण्यासाठी फुलवलेल्या कांद्याच्या) प्लॉटवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे शेतकरी, आणि पेठ-सुरगाण्यातले मध काढणारे. हाताशी एक एपीएस-सी मिररलेस कॅमेरा, १८-५५, १०० मिमी मॅक्रो, छोटा शॉटगन माइक आणि २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन. माणसं दोन, फार तर तीन. वेळ दहा महिने.

प्रश्न असे:
१. नाशिक जिल्ह्यात कुठली माशी कधी मिळते?
२. आग्याच्या किती जवळ जाता येतं? ड्रोन चालेल का?
३. पेटीच्या आतलं चित्रण कसं करतात?
४. निवेदनात नेहमीची कुठली वाक्यं चुकीची असतात?

सविस्तर लिहिलंत तर बरं होईल. 'आधी यूट्यूब बघा' नको, ते बघून झालंय.

---

कातळकडा

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

'मधमाशी' म्हणून एकच प्राणी धरून पटकथा लिहिलीत तर सगळं बिघडेल. आपल्याकडे मुख्य पाच आहेत. आग्या: उघड्यावर एकच मोठं पोळं, कडा, पूल, पाण्याची टाकी, उंच इमारतीचा सज्जा. सातेरी: ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, एकाशेजारी एक समांतर पोळी, पेटीत राहते. फुलोरी: झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं. मेलिफेरा: बाहेरून आणलेली, पेट्यांच्या धंद्यातली. आणि डंख नसलेली चिमुकली पोया, भिंतीच्या फटीत मेणाची नळी काढून राहणारी.

आग्या बहुतेक ठिकाणी पावसाळा सरल्यावर येते आणि उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाच्या तोंडावर उठून जाते. हिला पेटीत ठेवता येत नाही. म्हणून 'आग्यामोहोळ सुरक्षित स्थलांतरित केलं' असं कुणी कॅमेऱ्यासमोर सांगितलं तर थांबून विचारा, कुठे आणि कसं? बहुतेक वेळा धुरी देऊन उठवलेलं असतं, पिलावा (अंडी-अळ्या) मागेच राहून मेलेला असतो. खरं वाचवणं म्हणजे सोसायटीला दोन-तीन महिने थांबायला राजी करणं, ती गॅलरी बंद ठेवणं, रात्रीचे दिवे विझवणं. चित्र म्हणून ते फिकं वाटेल, पण सोसायटीच्या मीटिंगमधला वाद नीट टिपलात तर धुराच्या शॉटपेक्षा जास्त धरून ठेवेल.

फुलांचं वेळापत्रक ढोबळ असं. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्र्यंबक, हरसूल, पेठ पट्ट्यात खुरासणी पिवळी होते. तिच्यात परपरागीभवन लागतं, त्यामुळे माश्यांची वर्दळ हमखास. जानेवारी-फेब्रुवारीत कांद्याचे डेंगळे, त्याच सुमारास सटाणा-देवळा-मालेगावकडे आंबे बहाराचं डाळिंब. मार्च-एप्रिल जांभूळ, त्यानंतर करंज. दहा महिने असतील तर सप्टेंबरात सुरुवात करा, जूनमध्ये संपवा.

अंतर. आग्यासाठी कमीत कमी १५-२० मीटर, तेही तिच्या येण्या-जाण्याच्या वाटेत उभं न राहता. तुमच्या सेन्सरवर ४०० मिमी लेन्स २० मीटरवरून सुमारे १.२ मीटर रुंदीची चौकट देते, म्हणजे मोठं पोळं अख्खं बसतं. ६०० मिमीवर ती ८० सेंटिमीटरच्या आत येते. लेन्स भाड्याने घ्या, विकत नको. कड्यावरचं पोळं सकाळीच घ्या. मार्चनंतर दहा वाजले की तापलेल्या कातळावरची हवा थरथरते आणि लांब लेन्समध्ये सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं, ते नंतर सुधारत नाही.

समोर गांधीलमाशी घिरट्या घालू लागली की पोळ्यावरून चमकती लाट धावते. वरच्या थरातल्या माश्या एकामागोमाग पोटाचा भाग वर उचलतात. लाट सेकंदाच्या आत संपते, म्हणून सेकंदाला १०० किंवा १२० फ्रेम आणि १/२५० शटर लावून कॅमेरा चालू ठेवून बसायचं. लाट यावी म्हणून खडा मारणारे महाभाग असतात. गडावर ट्रेकर्सना डंख होण्यामागे बरेचदा असाच उद्योग, नाहीतर अत्तर आणि शेकोटीचा धूर असतो.

ड्रोन आग्याजवळ नकोच. पंखांची हवा आणि आवाज दोन्ही तिला हल्ल्यासारखे वाटतात, आणि ड्रोन निसटला तरी खाली उभा असलेला माणूस सापडतो. शिवाय नाशकात ओझरचा विमानतळ, देवळालीचा तोफखाना, गांधीनगरचं लष्करी हवाई प्रशिक्षण आणि नाशिकरोडचे छापखाने आहेत. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी बंदी असलेल्या भागात चालत नाही. उडवण्याआधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघा, त्यात बंदीचे भाग दिसतात. शेतातल्या पेट्यांची मांडणी वरून हवी असेल तर माश्या बाहेर पडायच्या आधी, उजाडता उजाडता घ्या.

पांडवलेणीत चित्रण करायचं असेल तर ते संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व सर्वेक्षणाची लेखी परवानगी लागते. वनजमिनीवर संबंधित उपवनसंरक्षकांची, म्हणजे पूर्व की पश्चिम नाशिक हे आधी बघून अर्ज करा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर महिना सहज जातो.

---

सातेरी_पेटी

वरच्या प्रतिसादाला +१, विशेषतः स्थलांतराच्या मुद्द्याला. पेटीच्या आतलं आणि डेंगळ्याचं मी लिहिते.

चालू पेटी उघडून आतलं शूट करायला गेलात तर पाच-सात मिनिटं मिळतात. पिलाव्याचं तापमान माश्या ३४-३५ अंशांवर राखतात, फ्रेम बाहेर धरून ठेवली की ती घसरते. सातेरी तर वारंवार छेडलं की पेटी सोडून निघूनच जाते. त्यामुळे आतल्या दृश्यांसाठी काचेची वेगळी पेटी बनवून घ्या आणि तिच्यात मेलिफेराची एक-दोन फ्रेम ठेवा. सुताराला सांगायची मापं: एका फ्रेमच्या जाडीच्या पेटीत दोन काचांमधलं अंतर ४५ ते ५० मिमी. जास्त ठेवलंत तर माश्या काचेवर जादा पोळं बांधतात आणि आठवड्यात काही दिसेनासं होतं, कमी ठेवलंत तर चेंगरतात. काच ४ मिमीची टफन्ड घ्या. अॅक्रिलिक स्वस्त पडतं, पण मेण खरवडताना ओरखडे उमटतात आणि मॅक्रोत ते भालदार-चोपदारांसारखे माशीच्या आधी हजर होतात.

पेटी खोलीत, सावलीत. भिंतीतून बाहेर जायला इंचभर आतल्या व्यासाची नळी. दोन्ही काचांवर थर्मोकोलची झडप लावा, चित्रण नसेल तेव्हा ती बंदच. फ्रेम निवडताना एकीवर सर्व वयाचा पिलावा आणि राणी, दुसरीवर मध-पराग. दोन आठवड्यांनी फ्रेम मूळ पेटीत परत. इतक्या लहान वसाहतीला फार काळ तग धरवत नाही.

प्रकाश लाल ठेवा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे तिला अंधारच वाटतो आणि वागणं बदलत नाही. अडचण कॅमेऱ्याची. सेन्सरवरचे फक्त लाल ठिपके, म्हणजे एक चतुर्थांशच, काम करतात, चित्र दाणेदार येतं. ते रंगीत राखायचा अट्टहास सोडा, लाल चॅनेलवरून कृष्णधवल करा. काचेतलं प्रतिबिंब घालवायला कॅमेरा आणि काच दोन्हींवर काळं कापड ओढून घ्या, पोलरायझरने निम्मंच काम होतं.

फुलं कुठे आहेत हे इतर माश्यांना सांगणारा माशीचा नाच (कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल मिळालं त्यातलं हे मोठं काम) टिपताना कॅमेरा तंतोतंत समतल हवा. उभ्या पोळ्यावर 'वर' म्हणजे सूर्याची दिशा, आणि सरळ धावेचा त्या रेषेशी जो कोन तो फुलांचा. कॅमेरा दहा अंशांनी कलला की तुमची फुलं दहा अंशांनी सरकली. धाव जितकी लांब तितकं अंतर जास्त, ढोबळमानाने सेकंदाला किलोमीटर. घड्याळातली वेळ शॉटच्या सुरुवातीला तोंडी बोलून ठेवा, नाहीतर सूर्य कुठे होता ते नंतर कळत नाही. काचेची पेटी जमणार नसेल तर फुलोरी शोधा. तिचं पोळं फांदीच्या वर चपटं असतं, नाच त्या सपाटीवर उघड्यावर चालतो आणि धाव थेट फुलांकडे रोखलेली असते. स्वभावाने गरीब, मीटरभरावरून मॅक्रो लावता येतो.

आता डेंगळे. माझ्या मते तुमच्या फिल्मचा कणा हाच असावा. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतं, त्यामुळे एका फुलाचं स्वतःचं स्वतःवर भागत नाही. एका गोंड्यात शेकडो फुलं, ती एकदम न उमलता दोन-तीन आठवडे उमलत राहतात. माशी नसेल तर गोंडा फुलतो खरा, बी पोचट राहतं. दोन गोंडे शेजारी घ्या, एकाला फुलायच्या आधीपासून मलमलची पिशवी बांधा, एक मोकळा. काढणीला दोन्ही तळहातावर चोळून दाखवा. पाच मिनिटांचं निवेदन वाचतं.

पेट्या प्लॉटवर कधी आणायच्या हेही दाखवण्यासारखं आहे. साधारण १० टक्के गोंडे उमलल्यावर. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, माशीला तो फारसा रुचत नाही. आधीच पेट्या आणल्या तर ती शेजारचं दुसरं फूल धरते आणि तिथेच जात राहते. एकरी दोन ते चार पेट्या. गाडी रात्री येते, दारांना जाळ्या लावलेल्या असतात, पहाटे उतरवून उजाडताना दारं उघडतात. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं सोडू नका. माश्या बाहेर येऊन पेटीकडे तोंड करून अर्धवर्तुळात डोलत जागा लक्षात ठेवतात. कॅमेरा आधीच लावलेला हवा, पेटीच्या बाजूने, दारासमोरचे दोन-तीन मीटर मोकळे.

फुलकिड्यांसाठी फवारणी होतेच. फवारणी करूच नका असा उपदेश शेतकऱ्याच्या गळी उतरणार नाही, फिल्ममध्येही नको. फुलोऱ्यात टाळणं, आणि टाळता येत नसेल तर माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करणं, पेटीवाल्याला आदल्या दिवशी फोन करणं, हे प्रत्यक्ष होताना दाखवा. पेटीवाला आणि शेतकरी यांच्यातला तो एक फोन हा तुमच्या विषयाचा गाभा आहे.

भिंतीतल्या सातेरीला पेटीत घेणारे लोकही मिळतील. त्यांचं काम असं: संध्याकाळी हलका धूर, पोळी एकेक कापून पिलाव्याचा भाग फ्रेममध्ये दोऱ्याने किंवा केळीच्या सोपटाने बांधणं (उलटा नाही, पोळ्याची वरची बाजू वरच), राणी सापडली की पिंजरीत, मग माश्या आपोआप मागे येतात. दाराला राणी अडवणारी जाळी दोन-तीन दिवस, आणि साखर-पाणी समसमान. दोरा माश्या नंतर कुरतडून बाहेर टाकतात. तो दारात पडलेला दोरा चांगला क्लोजअप आहे. कॅमेऱ्यासाठी 'परत एकदा फ्रेम काढा' असं मात्र कुणाला म्हणू नका. धुराचंही तेच, चित्र छान दिसतं म्हणून जास्त धूर मारायला लावणारे कॅमेरामन असतात, पिलावा गुदमरतो.

---

कानोसा

आवाजाबद्दल थोडक्यात.

शॉटगनवर केसाळ काळं कव्हर घालून पेटीजवळ जाऊ नका. गडद आणि केसाळ वस्तू म्हणजे माश्यांच्या लेखी अस्वल. पांढऱ्या पातळ कापडाने झाकलेला फोम चालतो. गुणगुण साधारण २००-२५० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणून लो-कट (खालचे सूर गाळणारी सोय) ८० हर्ट्झच्या वर नेऊ नका, नाहीतर पेटीचा भरदारपणा जातो.

आतल्या आवाजाला पिएझो कॉन्टॅक्ट माइक पेटीच्या बाहेरच्या लाकडावर चिकटवा, वारा आणि बोलणं दोन्ही गाळलं जातं. सातेरीच्या पेटीला हलकी टिचकी मारली की सगळ्या मिळून फुत्कारतात, लाट गेल्यासारखा 'स्स' येतो. मेलिफेरा असं करत नाही. एकदा घ्या, पुन्हा पुन्हा टिचक्या नको.

मुलाखत जाळीच्या टोपीत घेतलीत तर काळ्या जाळीमागे चेहरा दिसत नाही आणि जाळीच्या विणीमुळे चित्रात नागमोडी पट्टे येतात. बोलणं पेटीपासून लांब, टोपी काढून. कॉलर माइक टोपीच्या आत असेल तर जाळी घासल्याचा आवाज येतो, तो छातीच्या मध्यावर टेपने दाबा.

---

कात्रीबंद

चौथा प्रश्न. संकलनाच्या टेबलावर या विषयात जे हमखास कापावं लागतं ते असं.

'मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाले.' ते असं म्हणाल्याचा पुरावा नाही. काढा.

'आपलं ७५ टक्के अन्न मधमाश्यांमुळे.' मूळ मुद्दा असा की जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकांना परागण करणाऱ्या प्राण्यांचा कमीअधिक फायदा होतो. वजनाने मोजलं तर अशा पिकांचा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास, आणि तोही सगळा माश्यांवर अवलंबून नाही. गहू, भात, ज्वारी, बाजरी यांना त्यांची गरजच पडत नाही.

आणि नाशिककरांसाठी खास: द्राक्ष. थॉमसनसारखी द्राक्षं स्वपरागीभवनावर धरतात. द्राक्षबागेवर कॅमेरा फिरवत 'माशी नसती तर हे घड नसते' म्हटलंत तर निफाडचा पहिला बागायतदार तुम्हाला हसेल. टोमॅटोतही मधमाशीचा उपयोग बेताचा. त्या फुलाचे पराग कंपनाने झडतात, ते काम निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माशीचं.

अमेरिकेत २००६ पासून गाजलेलं वसाहती ओस पडण्याचं प्रकरण जसंच्या तसं इकडे चिकटवू नका, ते मेलिफेराचं आणि तिथल्या शेतीचं आहे. आपल्या सातेरीला १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात थायी सॅकब्रूड विषाणूने झोडपलं, ते सांगा. युरोपीय संघाने २०१८ मध्ये तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला हे खरं आहे, पण त्यातून नाशिकबद्दल आपोआप काही सिद्ध होत नाही.

स्टॉक फुटेज घ्यायचंच असेल तर जात ओळखणाऱ्याला दाखवून घ्या. निवेदन आग्याचं आणि पडद्यावर मेलिफेरा, हे नेहमीचं. गुबगुबीत केसाळ बंबलबी दिसली की तर संपलंच, ती आपल्याकडे हिमालयात असते, नाशकात दिसतो तो काळा लाकूडपोखर भुंगा.

एक सल्ला न विचारता. तीन धागे २५ मिनिटांत मावत नाहीत. 'हनीलँड' (२०१९) हा माहितीपट करणाऱ्यांनी तीन वर्षं एका बाईच्या मागे घालवली, ४०० तासांहून जास्त फुटेजमधून दीड तासाची फिल्म काढली आणि निवेदन ठेवलंच नाही. ब्रिस्टलमधल्या एका घरामागच्या बागेत २०२० च्या लॉकडाउनमध्ये चित्रित झालेल्या माहितीपटात ६० हून अधिक जातींच्या माश्या मिळाल्या. दोन्हींत पसारा कमी आहे. 'सातेरी_पेटी' म्हणतात तसं डेंगळ्याचा एक प्लॉट धरा, लागवडीपासून बी काढेपर्यंत. आग्या त्या शेताजवळच्या पाण्याच्या टाकीवर सापडली तर आत घ्या.

---

गोदाकाठ

सर्वांचे आभार. डेंगळ्याचा प्लॉट धरायचं ठरतंय. तीन उपप्रश्न. मॅक्रोवर कितीचं छिद्र ठेवू? रात्री आग्याचं चित्रण करता येईल का? आणि पेठ-सुरगाण्यातलं मध काढणं अगदी थोडं का होईना घ्यायचं असेल तर?

---

कातळकडा

मॅक्रो: १:१ वर (माशी सेन्सरवर आहे तेवढीच उमटते) एफ/८ ला तीक्ष्णतेची खोली जेमतेम ०.६ मिमी भरते, म्हणजे डोळा फोकसमध्ये आणि मिशा बाहेर. थोडं मागे येऊन १:२ वर घ्या, तीच खोली सुमारे २ मिमी होते आणि चौकट ४७ मिमी रुंद, अख्खा गोंडा नाही पण त्यावरच्या दोन-तीन माश्या येतात. ऑटोफोकस बंद, फोकस एका जागी लावून कॅमेरा पुढे-मागे करा. वाऱ्याने डेंगळा हलतो, दांडा मॅक्रो चौकटीच्या खाली काठीला सैल बांधा. पंखांसाठी सेकंदाला २४० फ्रेम पुरतील असं वाटतं, पण मेलिफेराची फडफड सेकंदाला २३० च्या आसपास, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला पंख जवळपास त्याच जागी सापडतो आणि गोठल्यासारखा सरकतो. खरी फडफड दाखवायला हजाराच्या पुढे जावं लागतं. नसेल जमत तर सोडून द्या.

रात्री आग्या: नको. ती दिव्याकडे झेपावते, चांदण्यात तर बाहेर फिरतेही. एक एलईडी पॅनेल लावलात की सगळी सोसायटी आत कोंडली जाईल.

---

सातेरी_पेटी

पेठ-सुरगाण्याबद्दल. मध हे वनहक्क कायदा २००६ मध्ये गौण वनोपज आहे, गोळा करायचा हक्क त्या लोकांचा. त्यामुळे आधी ग्रामसभेत जाऊन बोला, एखाद्या ओळखीच्या पोराला धरून थेट कड्यावर नको. त्यांचा दिवस मोडत असेल तर मजुरी द्या. पोळ्याची जागा ओळखू येईल असा लांबचा शॉट ठेवू नका आणि फाइलमधली जीपीएस नोंद पुसा, नाहीतर पुढच्या वर्षी बाहेरचे तिथे आधी पोहोचतात. चूड पेटवून अख्खं पोळं जाळणं आणि फक्त मधाचा वरचा जाड भाग कापून पिलावा शाबूत ठेवणं, दोन्ही पद्धती दिसतील. जी चालू असेल ती घ्या. 'दुसरी करून दाखवा' म्हणू नका, दोरावरचा माणूस दुसऱ्या टेकसाठी नसतो.

डंखाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. फिकट कपडे, अत्तर-सुगंधी तेल नाही, बरोबर केळी नाहीत (डंखाबरोबर सुटणाऱ्या धोक्याच्या गंधाचा मुख्य घटक केळ्याच्या वासाचाच). आग्या अंगावर आली तर उभं राहू नका, हात झाडू नका, तोंड झाकून बंद गाडीत किंवा सरळ लांब निघा. कॅमेरा चालूच राहू द्या, तो नंतर आणता येतो. नांगी कशीही काढा पण लगेच काढा, विषाची पिशवी तुटल्यावरही पंप करत राहते. अंगभर गांधी, श्वास लागणं, चक्कर यांपैकी काही दिसलं तर अॅड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं, अॅलर्जीच्या गोळीवर विसंबू नका. ते जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, हे चित्रणाच्या आदल्या दिवशी विचारून ठेवा. पूर्वी तीव्र अॅलर्जी आलेला कुणी टीममध्ये असेल तर त्याला डाळिंबाच्या बागेतही नेऊ नका.

आणि पेट्यांच्या गाडीवाल्याशी डिसेंबरातच बोलून ठेवा. गोंडे किती उमललेत त्यावर गाडी ठरते, त्यामुळे निरोप फार तर आदल्या संध्याकाळी येतो.